मालाचा माग : क्रमांक, लेबल आणि नोंदी यांतली निवड

मालाचा माग ठेवायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास लेबलचा येतो. बारकोड घ्यावा, क्यूआर की आरएफआयडी (रेडिओलहरींनी वाचला जाणारा टॅग)? माझ्या मते हा प्रश्न तिसरा आहे. क्रमांक कोणाच्या पद्धतीचा असेल आणि तो बॅचला द्यायचा की एकेका नगाला, हे त्याआधी ठरायला हवं. लेबल पुढच्या वर्षीही बदलता येतं. सगळ्या पुरवठादारांच्या संगणकांत रुजलेला क्रमांक बदलायचा म्हणजे मात्र सगळ्यांचीच घडी विस्कटते.

स्वतःचे क्रमांक की सामायिक?

स्वतःची पद्धत आजपासून सुरू होते आणि तिला वर्गणी लागत नाही. माल एकाच आवारात तयार होऊन तिथेच वापरला जात असेल तर ती पुरेशी आहे. माल फाटकाबाहेर पडला की चित्र पालटतं. तुमचा '४५१७' वाहतूकदाराला काहीच सांगत नाही. घाऊक व्यापारी त्यावर आपला क्रमांक चिकटवतो, दुकानदार आणखी वेगळा. कुठला क्रमांक म्हणजे कुठला, याचा तक्ता प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी सांभाळत बसतं आणि माग तुटतो तो नेमका तिथेच.

जीएस१ ही जगभर चालणारी सामायिक क्रमांकांची पद्धत. तीत उत्पादनाला जीटीआयएन, ठिकाणाला १३ अंकी जीएलएन आणि पाठवणीच्या खोक्याला किंवा पॅलेटला (खोकी रचायच्या पाटाला) १८ अंकी एसएससीसी हा क्रमांक मिळतो. प्रत्येक कंपनीचे सुरुवातीचे अंक वेगळे असल्याने दोघांचे क्रमांक सारखे येत नाहीत. शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून काढलेला असतो, त्यामुळे टाइप करताना एखादा अंक चुकला तर लगेच कळतं. मोबदल्यात शुल्क भरावं लागतं आणि शिस्त पाळावी लागते. उदाहरणार्थ, पाकिटातलं निव्वळ वजन बदललं तर नवा जीटीआयएन घ्यावा लागतो. एकाहून अधिक कंपन्यांच्या हातांतून माल जात असेल, तर मी इथे दुसरा विचारच करणार नाही.

बॅच की एकेक नग?

खर्चाचा खरा फरक इथे पडतो, म्हणून इथे घाई नको.

बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख छापणं सोपं आहे. सदोष माल परत बोलावायची वेळ आली की बहुतेकदा तेवढ्यावर काम भागतं. अट एकच : कोणती बॅच कोणत्या पाठवणीत गेली, याची नोंद माल निघताना झाली पाहिजे. लेबलवर बॅच ठळक छापलेली आणि जावकीच्या नोंदीत फक्त 'चाळीस खोकी' असं असेल, तर एका बॅचच्या दोषासाठी सगळाच माल परत आणावा लागतो. तोवर सदोष नग कोणाच्या घरात वापरला जातोय, हे कोणालाच सांगता येत नाही.

एकेका नगाला अनुक्रमांक दिला की बॅचला न जमणारी गोष्ट साधते : नक्कल पकडता येते. एकच बॅच क्रमांक हजार बनावट पाकिटांवर छापला तरी संशय येत नाही, पण एकच अनुक्रमांक दोन ठिकाणी स्कॅन झाला की गडबड उघडी पडते. युरोपीय संघात ९ फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या पाकिटांवर असा वेगळा क्रमांक सक्तीचा आहे. औषध देताना तो तपासून यंत्रणेत 'वापरला' म्हणून बंद केला जातो.

अनुक्रमांक छापणं हा त्यातला सोपा भाग. कुठला नग कुठल्या खोक्यात आणि ते खोकं कुठल्या पॅलेटवर, हे नातं टिकवणं अवघड. वाटेत कोणी खोकं उघडून एक पाकीट बदललं आणि नोंद केली नाही, तर पुढे पॅलेटवरचा एक स्कॅन पाहून सगळे चुकीच्या माहितीवर विश्वास ठेवतात. नकली मालाचा धोका, नगागणिक हमी किंवा कायद्याची सक्ती यांपैकी काही नसेल, तर नीट सांभाळलेली बॅच अर्धवट सांभाळलेल्या अनुक्रमांकापेक्षा कितीतरी सुरक्षित.

लेबल

१९७४ पासून दुकानांच्या गल्ल्यावर दिसणाऱ्या उभ्या रेघांच्या बारकोडात फक्त उत्पादनाचा क्रमांक मावतो, बॅच नाही. मागासाठी तो अपुरा आहे. खोक्यांसाठी जीएस१-१२८ हा बॅचही मावणारा रेघांचा बारकोड चालतो. लहान पाकिटासाठी डेटामॅट्रिक्स हा ठिपक्यांचा चौकोनी कोड उत्तम : थोडा खरवडला तरी वाचता येतो, पण त्याला कॅमेऱ्याचा स्कॅनर लागतो, जुना लेझर चालत नाही. ग्राहकालाही फोनवर माहिती द्यायची असेल तर जीएस१ डिजिटल लिंक (उत्पादनाचा क्रमांक सामावलेला वेब-पत्ता) असलेला क्यूआर घ्या.

आरएफआयडी टॅग समोर न धरता, एकदम कितीतरी वाचले जातात. कपड्यांच्या खोक्यांना ते फार सोयीचं, धातू आणि द्रवांजवळ मात्र वाचन बिघडतं. एक बारकावा आधीच पाहून ठेवा : ९६ बिटांच्या नेहमीच्या टॅगमध्ये अनुक्रमांकाला ३८ बिट मिळतात आणि त्यात अक्षरं बसत नाहीत. पुढे कधी आरएफआयडीकडे जायचं असेल, तर आजचे अनुक्रमांक फक्त अंकांत ठेवा आणि सुरुवातीला शून्य नको.

नोंदींची देवाणघेवाण

माल रवाना झाल्याचा ईडीआय संदेश (संगणकाकडून संगणकाकडे ठरावीक नमुन्यात जाणारा) दोन कंपन्यांमधला असतो. साखळीतल्या तिसऱ्याला त्यातून काही कळत नाही. ईपीसीआयएस हे जीएस१चं नोंदींचं मानक प्रत्येक घडामोडीची नोंद एकाच साच्यात ठेवतं : काय, कुठे, केव्हा, कशासाठी. २०२२ च्या २.० आवृत्तीत 'कशा स्थितीत' हेही आलं, म्हणजे तापमानासारखी सेन्सरची मापं नोंदीसोबतच राहतात. सुताचं कापड झालं तर कुठल्या लॉटमधून कुठला लॉट झाला, हेही त्यात मांडता येतं. कच्च्या मालापर्यंत मागे जायचं असेल तर हा दुवा सोडू नका.

ब्लॉकचेनबद्दल, म्हणजे अनेकांनी मिळून ठेवलेल्या आणि मागाहून न बदलता येणाऱ्या नोंदवहीबद्दल, माझं मत स्पष्ट आहे. नोंद नंतर बदलली नाही एवढीच खात्री ते देतं, मुळात खरी होती याची नाही. जहाज कंपनी मर्स्क आणि संगणक कंपनी आयबीएम यांचा ट्रेडलेन्स हा ब्लॉकचेनवरचा मोठा मंच पुरेसं जागतिक सहकार्य न मिळाल्याने बंद करत असल्याचं २०२२ मध्ये जाहीर झालं. मंच बंद पडतात. म्हणून कोणाचीही प्रणाली घेताना आपल्या सगळ्या नोंदी ईपीसीआयएसच्या साच्यात बाहेर काढून मिळतील, हे करारात लिहून घ्या.

सही करण्यापूर्वी एक चाचणी जरूर करा. गोदामातलं कुठलंही एक खोकं उचला आणि विक्रेत्याच्या प्रणालीला दोन प्रश्न विचारा : या बॅचची बाकीची खोकी आत्ता कुठे आहेत आणि यातला कच्चा माल कुठून आला? उत्तर मिळेपर्यंत घड्याळ लावून ठेवा.