शनिवारवाडा की आगाखान पॅलेस?

पुणे स्थानकाजवळच्या हॉटेलात उतरलेल्या आणि हाताशी एकच सकाळ असलेल्या पाहुण्याने या दोहोंपैकी काय पाहावे? थोरल्या बाजीरावांनी १७३० मध्ये पाया घातलेला शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाल्यामुळे आज तेथे अणकुचीदार खिळ्यांचा दिल्ली दरवाजा, तट, बुरूज आणि महालांची जोती एवढेच उरले असून, पेशवाईचा इतिहास आधी वाचून गेल्याशिवाय ते अवशेष फारसे बोलत नाहीत. १८९२ मधील आगाखान पॅलेस मात्र अखंड उभा आहे. ऑगस्ट १९४२ पासून गांधीजी तेथे स्थानबद्ध होते आणि त्यांचे सचिव महादेवभाई देसाई व पत्नी कस्तुरबा यांनी तेथेच देह ठेवला. त्या दोघांच्या समाधींसमोरची शांतता मला अधिक मोलाची वाटते, म्हणून मी पाहुण्याला प्रथम तिकडेच पाठवीन.