फायरफॉक्स उशिरा उघडतो? त्याच्याच पोटातल्या दुरुस्ती-अवजारांची परीक्षा

ब्राउझर उघडायला वेळ लागतो म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, ‘काढून टाका आणि नव्याने टाका’. फायरफॉक्सच्या बाबतीत हा सल्ला बहुतेक वेळा वाया जातो. प्रोग्रॅम काढला तरी बुकमार्क, अ‍ॅड-ऑन (वरून जोडलेल्या छोट्या सोयी) आणि सेटिंग्ज ज्यात असतात ते प्रोफाइलचं फोल्डर डिस्कवर तसंच राहतं, आणि नव्याने टाकलेला फायरफॉक्स तेच पुन्हा उचलतो. दुखणं प्रोफाइलमध्ये असेल तर ते जागचं हलत नाही.

खरं तर फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने निदानाची उत्तम साधनं ब्राउझरमध्येच दिली आहेत. या बाबतीत आज सर्वसामान्य माणसाला मिळणाऱ्या ब्राउझरांत फायरफॉक्स आम्हाला सगळ्यात उजवा वाटतो. तक्रार एकच, पण मोठी आहे: सगळ्यात कामाचं साधन कुठल्याच मेनूत नाही आणि सगळ्यात आडदांड साधन मात्र पदोपदी समोर येतं. इथली परीक्षा विंडोज १० आणि ११ धरून केली आहे. ‘अबाऊट:सपोर्ट’ अशी नावं जिथे येतील तिथे ती पत्त्याच्या पट्टीत रोमन लिपीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाइप करून एंटर दाबायचं.

अवजाराला हात लावण्याआधी मोजणी करा. संगणक रीस्टार्ट करा, पाच मिनिटं तसाच राहू द्या आणि मग फायरफॉक्स उघडा. पूर्ण बंद करून लगेच पुन्हा उघडा. पहिल्यांदा वीस-पंचवीस सेकंद आणि दुसऱ्यांदा तीन-चार सेकंद लागत असतील, तर ब्राउझरचा दोष फारसा नाही. पहिल्या वेळी सगळ्या फाइली डिस्कवरून वाचाव्या लागतात, दुसऱ्या वेळी त्या मेमरीत तयार असतात. टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’चा रकाना १०० टक्क्यांवर अडकलेला दिसला आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असली, तर पुढची कुठलीही युक्ती फार कामाला येणार नाही. तिथे साधी साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवणं हाच उपाय. दोन्ही वेळा सारखाच उशीर झाला तरच पुढे जा.

उशीर नेमका कुठे होतो तेही बघा. विंडोजवर फायरफॉक्स आधी राखाडी पट्ट्यांचा रिकामा सांगाडा दाखवतो आणि खरी खिडकी मागून येते. सांगाडा दिसला की लोक क्लिक करायला लागतात, काहीच होत नाही, मग ‘हँग झाला’ म्हणतात. डोळ्यांच्या अंदाजापेक्षा ‘अबाऊट:टेलिमेट्री’मध्ये डावीकडच्या ‘सिम्पल मेझरमेंट्स’वर जाणं चांगलं. तिथे ‘फर्स्टपेंट’ (खिडकी पहिल्यांदा रंगते तो क्षण) आणि ‘सेशनरीस्टोअर्ड’ (मागचे टॅब परत मांडून होतात तो क्षण) हे आकडे मिलिसेकंदांत मिळतात. १००० म्हणजे एक सेकंद. पहिलाच आकडा मोठा असेल तर दोष खिडकी येण्याआधीचा. दोघांत मोठी फट असेल तर मागचे टॅब परत आणताना वेळ जातोय. उघडे राहिलेले साधे टॅब फायरफॉक्स नुसते मांडून ठेवतो, क्लिक केल्याशिवाय लोड करत नाही. पिन केलेले टॅब मात्र लगेच लोड होतात. आठ-दहा पिन असतील तर आधी ते काढा.

आता अवजारं. ‘ट्रबलशूट मोड’ सोपा आहे: शिफ्ट दाबून ठेवायचं आणि आयकॉनवर डबल-क्लिक करायचं. या अवस्थेत अ‍ॅड-ऑन बंद राहतात, मूळ थीम येते आणि चित्रकामासाठी ग्राफिक्स चिपची मदत घेणारं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनही बंद होतं. इथे फायरफॉक्स झटकन उघडला, तर या तिघांपैकी कोण दोषी ते कळत नाही, एवढंच कळतं की दोषी बहुधा यांच्यातच आहे. म्हणून नेहमीसारखा उघडून आधी फक्त हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून बघा. सेटिंग्जमध्ये ‘जनरल’खाली ‘परफॉर्मन्स’ आहे. तिथली शिफारस केलेल्या सेटिंग्जची खूण काढली की तो पर्याय दिसतो. त्याने फरक पडला तर बहुधा ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना आहे. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तो नवा करा आणि अ‍ॅक्सिलरेशन पुन्हा चालू करा, कायमचं बंद ठेवू नका. फरक पडला नाही तर निम्मे अ‍ॅड-ऑन बंद करा, पुन्हा मोजा, आणि दोषी सापडेपर्यंत उरलेल्यांचे निम्मे करत जा.

जाहिराती रोखणाऱ्या यूब्लॉक ओरिजिनबद्दल स्वतंत्र सांगायला हवं. खिडकी वेळेवर येते पण पहिलं पान कोरं राहतं, अशी तक्रार असेल तर त्याच्या ‘फिल्टर लिस्ट्स’ या पानावर जा. सगळ्या याद्या लोड होईपर्यंत नेटवर्क थांबवून ठेवण्याचा पर्याय तिथे असतो आणि फायरफॉक्समध्ये तो चालू असतो. तो बंद करू नका, त्याच्यामुळेच पहिल्या पानावरच्या जाहिरातीही अडतात. त्याऐवजी जगभरच्या भाषांच्या ज्या याद्या उत्साहाने टिक करून ठेवल्या आहेत त्या काढा.

याद्या नीट असूनही पहिलं पान अडत असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘प्रॉक्सी’ उघडा. ‘ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज’ चालू असेल तर घरच्या वायफायवर नसलेला प्रॉक्सी (इंटरनेटला जोडून देणारा मधला संगणक) शोधण्यात वेळ जाऊ शकतो. घरी ते बंद केलं तर बिघडत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

आता ते लपलेलं रत्न, ‘अबाऊट:थर्ड-पार्टी’. बाहेरच्या कुठल्या प्रोग्रॅमांनी फायरफॉक्समध्ये आपल्या डीएलएल (प्रोग्रॅमला जोडल्या जाणाऱ्या कोडच्या) फाइली घुसवल्या आहेत, त्यांची यादी इथे मिळते. प्रत्येकीसमोर ती लोड होताना सरासरी किती मिलिसेकंद अडथळा झाला ते लिहिलेलं असतं. नको ती फाइल तिथल्या तिथे ब्लॉकही करता येते, रीस्टार्टनंतर ते ब्लॉक करणं लागू होतं. या यादीत अँटिव्हायरस हमखास भेटतो. नव्या लॅपटॉपसोबत आलेला मुदत संपलेला ट्रायल अँटिव्हायरस दिसला, तर तो ब्लॉक करत बसण्यापेक्षा विंडोजमधून काढूनच टाका. मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरंही इथे दिसू शकतात, कारण कीबोर्डवर काम करायला त्यांतल्या काहींना प्रत्येक प्रोग्रॅममध्ये शिरावं लागतं. ती ब्लॉक केली की फायरफॉक्समध्ये त्यांचं मराठी टायपिंग थांबेल. तेव्हा आधी विंडोजचाच मराठी कीबोर्ड जोडून घ्या, मग ब्लॉक करा. इतकं नेमकं उत्तर देणारं पान ‘हेल्प’ मेनूत असायला हवं होतं.

सीए, करसल्लागार आणि ई-टेंडर भरणाऱ्यांच्या संगणकावर आणखी एक जागा तपासा. डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर फायरफॉक्समध्ये आपलं मॉड्यूल नोंदवतं, आणि टोकन खोचलेलं नसलं तरी ते लोड होतं. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ उघडून तळाशी ‘सिक्युरिटी डिव्हाइसेस’वर क्लिक करा. जुन्या, वापरात नसलेल्या टोकनचं मॉड्यूल निवडून ‘अनलोड’ दाबा. त्याआधी उजवीकडे दिसणारा फाइलचा पाथ लिहून ठेवा. परत जोडायची वेळ आली तर तो लागतोच.

एवढं करूनही उत्तर मिळालं नाही तर ‘अबाऊट:प्रोफाइल्स’मध्ये नवं प्रोफाइल बनवा आणि ते वेगळ्या खिडकीत उघडा. नवं झटपट उघडलं तर जुन्या प्रोफाइलमध्येच खोट आहे. चाचणी झाली की जुनंच प्रोफाइल डीफॉल्ट आहे ना ते बघा. नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळे बुकमार्क गेल्यासारखे वाटून घबराट उडते. मग ‘अबाऊट:सपोर्ट’ उघडा. वरच स्टार्टअप कॅशे (लवकर उघडण्यासाठी साठवलेल्या तात्पुरत्या फाइली) साफ करायचं बटण आहे, ते निर्धोक आहे. खाली ‘प्लेसेस डेटाबेस’समोर ‘व्हेरिफाय इंटिग्रिटी’ आहे. इतिहास आणि बुकमार्कांची फाइल त्याने तपासली जाते.

सुरुवातीला म्हटलेलं आडदांड साधन, म्हणजे ब्राउझर मूळ अवस्थेत आणणारं ‘रीफ्रेश फायरफॉक्स’, त्याची पाळी यानंतर. शिफ्ट दाबून उघडल्यावर येणाऱ्या चौकटीत ‘ओपन’च्या शेजारीच हे बटण ठेवलं आहे, आणि बरेच दिवस न उघडलेला फायरफॉक्स तर स्वतःहूनच साफसफाईचा प्रस्ताव मांडतो. बुकमार्क, पासवर्ड, इतिहास आणि कुकी टिकतात हे खरं. पण सगळे अ‍ॅड-ऑन, बदललेली सेटिंग्ज आणि साइटना दिलेल्या परवानग्या जातात. शिवाय दोष बाहेरच्या डीएलएलचा किंवा डिस्कचा असेल, तर एवढं घालवूनही वेग तोच राहतो. म्हणून ते अगदी शेवटी.

एज आणि क्रोम लवकर उघडतात म्हणून तुलना करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एजचा ‘स्टार्टअप बूस्ट’ आणि क्रोमचं खिडकी बंद केल्यावरही मागे चालत राहणं, या दोन्ही सोयी मेमरी अडवून वेग देतात. ४ जीबी रॅमच्या यंत्रावर तो सौदा महागात पडतो. फायरफॉक्समध्येही संगणकासोबत आपोआप उघडण्याची सोय ‘जनरल’मध्ये आहे. रॅम ८ जीबी किंवा जास्त असेल तर जरूर वापरा. विंडोज ७ किंवा ८.१ वर असलेल्यांना फायरफॉक्स ११५ च्या पुढची आवृत्ती मिळत नाही, त्यामुळे इथली काही पानं तिथे वेगळी दिसतील.

रीफ्रेश करावंच लागलं तर नंतर डेस्कटॉपवर ‘ओल्ड फायरफॉक्स डेटा’ नावाचं फोल्डर येतं. त्यात जुनं प्रोफाइल साठवलेल्या पासवर्डांसकट असतं, आणि प्रायमरी पासवर्ड (साठवलेल्या सगळ्या पासवर्डांवरचं एकच मुख्य कुलूप) लावलेला नसेल तर ते फोल्डर ज्याच्या हाती पडेल त्याला ते पासवर्ड वाचता येतात. चार-सहा दिवस सगळं नीट चाललं की ते शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबून काढून टाका. संगणक ऑफिसचा किंवा सामायिक असेल तर त्याच दिवशी.