हत्तींसाठी काय करावे: बहिष्कार, देणगी की तक्रार?

हत्तींचे हाल थांबावेत असे मनापासून वाटते, पण वेळ आणि पैसा दोन्ही बेताचे आहेत, अशा माणसापुढे साधारणपणे तीन मार्ग असतात: हत्तीच्या करमणुकीवर पैसे न खर्चणे, हत्ती सांभाळणाऱ्या संस्थेला देणगी देणे आणि डोळ्यांदेखत चाललेल्या छळाची तक्रार करणे.

पहिल्या मार्गाला दमडीही लागत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करावी. सवारीसाठी हत्ती तयार करताना अनेक ठिकाणी पिल्लाला आईपासून तोडून, जखडून आणि मारून त्याचा विरोध मोडला जातो. थायलंडमध्ये या प्रकाराला ‘फाजान’ म्हणतात. तिकिटे खपली नाहीत तर हे करण्याचे कारणच उरत नाही. लोकमत आणि कायदे विरोधात गेल्यावर ‘रिंगलिंग ब्रदर्स’ या अमेरिकी सर्कशीने २०१६ मध्ये हत्तींचे खेळ बंद केले. हस्तिदंताचे गणित याहून सरळ आहे. सुळ्याचा सुमारे एकतृतीयांश भाग कवटीत रुतलेला असल्याने शिकारी हत्तीला मारूनच तो काढतात. त्यामुळे हस्तिदंताची वस्तू, जुनी म्हणून विकली जात असली तरी, घेऊ नये.

बहिष्कार जिथे तोकडा पडतो, तिथे देणगीचे महत्त्व कळते. २०२० मध्ये पर्यटन ठप्प झाले तेव्हा थायलंडमधील अनेक हत्तींच्या चाऱ्याची भ्रांत पडली. प्रौढ हत्तीला दिवसाला सुमारे दीडशे किलो खाद्य लागते आणि त्याचे आयुष्य साठ वर्षांपर्यंत असू शकते. म्हणून एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरमहा दिलेली लहान रक्कम मला अधिक उपयोगी वाटते. मात्र ‘निवारा’ किंवा ‘अभयारण्य’ या पाटीवर विसंबू नये. जिथे पाहुण्यांना हत्तीला आंघोळ घालू देतात, तिथे प्रेमळ दिसणाऱ्या त्या दृश्यामागेही अनोळखी गर्दी मुकाट सोसायला शिकवलेला हत्ती असतो. लांबूनच पाहू देणारी, सवारी आणि खेळ नाकारणारी आणि प्रदर्शनासाठी पैदास न करणारी संस्था त्या मानाने विश्वासार्ह म्हणावी.

तक्रारीचा मार्ग कष्टाचा आहे आणि तिचा निकाल आपल्या हाती नसतो, परंतु समोरच्या एका हत्तीपुरता तोच सर्वांत थेट आहे. त्यासाठी काय पाहायचे हे आधी कळायला हवे. दारी हत्ती झुलणे हे आपल्या भाषेत वैभवाचे लक्षण आहे; प्रत्यक्षात साखळीला बांधलेला हत्ती तासन्‌तास एकाच लयीत डुलत असेल, तर ते बहुधा कोंडलेपणातून आलेल्या ताणाचे लक्षण असते. कानामागे अंकुशाच्या खुणा आहेत का, साखळीखालची कातडी सोलवटली आहे का, नखांना भेगा गेल्या आहेत का, सावली आणि पाणी आवाक्यात आहे का, हे पाहावे. कठीण फरशीवर सतत उभे राहून होणारे पायांचे विकार हे पाळीव हत्तींच्या मृत्यूचे एक मोठे कारण आहे, त्यामुळे पायांची छायाचित्रे अवश्य घ्यावीत. ठिकाण, तारीख आणि वेळ यांसह ती वन्यजीव खात्याकडे लेखी तक्रारीसोबत द्यावीत. नुसती चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरवल्याने हळहळ पुष्कळ मिळते, पण चौकशी सुरू होईलच असे नाही.

माहुताशी मात्र तिथल्या तिथे हुज्जत घालू नये. तो बहुधा पगारी माणूस असतो आणि त्याचा राग आपण निघून गेल्यावर हत्तीवरच निघण्याची भीती असते.