डेबियनसाठी पॅकेज करताना: लिबव्हीटर्म की व्हीटीई?

डेबियन हे लिनक्सचे वितरण; त्यात सॉफ्टवेअर बसवता येईल असे बांधून देणे म्हणजे पॅकेज करणे. दोन्ही लायब्रऱ्या टर्मिनलचेच (आज्ञा टाइप करायच्या खिडकीचे) काम करतात, पण पॅकेज करणाऱ्याच्या डोक्याला होणारा ताप वेगवेगळा.

लिबव्हीटर्म म्हणजे साधे सी९९ (सी भाषेची १९९९ची आवृत्ती). बाहेरचे अवलंबन जवळपास शून्य, बिल्डला मेकफाइल आणि लिबटूल ही नेहमीची साधने पुरतात. ती एस्केप सीक्वेन्स (रंग, कर्सर वगैरे बदलणारे संकेत) वाचून पडद्याची स्थिती सांभाळते. चित्र काढणे, पीटीवाय (प्रोग्रॅमला टर्मिनल भासणारी आभासी जोडणी) उघडणे हे ज्याचे त्याने बघावे. खरी कटकट वेगळीच आहे: व्हिम हा एडिटर लिबव्हीटर्मची स्वतः बदललेली प्रत सोर्समध्येच बाळगतो. डेबियनच्या धोरणाला अशा प्रती पसंत नाहीत, कारण सुरक्षेची दुरुस्ती प्रत्येक ठिकाणी वेगळी करावी लागते. पण बदललेली प्रत काढून सिस्टिमची लायब्ररी जोडायची, तर फरकाची सगळी जबाबदारी आपल्या गळ्यात.

व्हीटीई हे ग्नोम या डेस्कटॉपचे जीटीके विजेट, म्हणजे जीटीके या खिडक्या-बटणे काढणाऱ्या लायब्ररीत बसणारा तयार भाग. एका सोर्समधून जीटीके३, जीटीके४, डेव्ह फाइली (प्रोग्रॅम बिल्ड करताना लागणाऱ्या), इंट्रोस्पेक्शनची गिर पॅकेजेस (पायथनसारख्या भाषांतून लायब्ररी वापरण्यासाठी) असा सगळा गोतावळा निघतो. शिवाय चालू डिरेक्टरी टर्मिनलला कळवणारी शेल स्क्रिप्टही येते. ग्नोम टर्मिनल, एक्सएफसीई टर्मिनल, टर्मिनेटर सगळे व्हीटीईवरच, म्हणून सोनेम (लायब्ररीच्या आवृत्तीचे अंतर्गत नाव) बदलले की तिला थेट जोडलेली मंडळी पुन्हा बिल्ड करावी लागतात.

एडिटरमध्ये टर्मिनल बसवायचे असेल तर माझे मत लिबव्हीटर्मला. फक्त टर्मिनलसाठी जीटीके ओढून आणणे मला पटत नाही.