८८ हजार मोठे की ६२ हजार? दादरच्या एका समुपदेशन केंद्राची ‘ऑफर तुलना’ सेवा

२०२५ च्या मार्चअखेरीस आमच्या मुलीला अमेरिकेतील तीन महाविद्यालयांनी पदवी अभ्यासक्रमासाठी प्रवेश देऊ केला. शेवटचे उत्तर पहाटे साडेचारला आले, कारण तिकडे पूर्व किनाऱ्यावर तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले होते. पेढे आणण्याआधीच आमच्या घरात १ मे या तारखेची धास्ती शिरली. होकार कळवून अनामत रक्कम भरण्यासाठी तिकडे रूढ असलेली हीच मुदत आमच्या तिन्ही पत्रांत दिलेली होती. हाताशी जेमतेम पाच आठवडे होते. त्या काळात आम्ही दादर पश्चिमेच्या एका समुपदेशन केंद्राची केवळ ‘ऑफर तुलना’ ही सुटी सेवा घेतली, आणि तिचे शुल्क २५ हजार रुपये अधिक १८ टक्के जीएसटी असे २९,५०० रुपये झाले. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे एक तक्रारही आहे आणि ती त्या एकाच केंद्रापुरती असेल असे मला वाटत नाही.

तीन पत्रांपैकी एकात आर्थिक साहाय्य काहीच नव्हते, त्यामुळे ते पहिल्या दिवशीच बाजूला पडले. उरलेल्या दोहोंत आमचा गोंधळ झाला. मध्य-पश्चिमेकडील एका मोठ्या सरकारी विद्यापीठाच्या पत्रात वरच ठळक अक्षरांत ८८,००० डॉलरची गुणवत्ता शिष्यवृत्ती छापलेली होती. पूर्वेकडील एका छोट्या निवासी महाविद्यालयाच्या पत्रात मधल्या तक्त्यात, साध्या अक्षरांत, ६२,००० डॉलरचे अनुदान होते. माझ्या आईने चष्मा लावून दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारले, “अरे, अठ्ठ्याऐंशी मोठे की बासष्ट? यात तज्ज्ञ कशाला हवा?” खरे सांगायचे तर तेव्हा आमचेही मत तेच होते.

केंद्रातील समुपदेशक बाईंनी पहिल्या दहा मिनिटांतच पेन्सिलीने दोन ठिकाणी खुणा केल्या. ८८,००० हा आकडा चार वर्षांचा मिळून होता, म्हणजे वर्षाला २२,०००. बासष्ट हजार मात्र दर वर्षाचे होते. या एका खुणेत निम्मे शुल्क वसूल झाले, असे मी आजही मानतो. दुसरी खूण छोट्या महाविद्यालयाच्या पत्रावर होती. तिथे अनुदानाखाली ‘कॅम्पसवरील काम’ म्हणून २,५०० डॉलर धरले होते आणि ते साहाय्याच्या बेरजेत मिळवून उरलेली रक्कम कमी दाखवली होती. बाईंचे म्हणणे असे की, हे पैसे मुलीने काम केल्यावर पंधरवड्याच्या पगारातून तिच्या हाती येणार, ऑगस्टच्या बिलातून ते वजा होणार नाहीत, म्हणून ते साहाय्याच्या रकान्यात धरूच नयेत. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरील विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते, हेही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले.

त्यानंतर खर्चाच्या बाजूची झडती झाली, आणि या सेवेचा सर्वांत भरीव भाग मला हाच वाटला. छोट्या महाविद्यालयाचा वार्षिक खर्च ९०,००० डॉलर लिहिला होता, पण त्यात ३,२०० डॉलरचा आरोग्यविमा धरलेला नव्हता आणि वर्षातून एकदा घरी येण्याचे विमानभाडेही नव्हते. सरकारी विद्यापीठाच्या ५८,००० मध्ये विमा होता, भाडे नव्हते. दोन्हीकडे भाड्याचे १,५०० डॉलर घालून आणि सर्व रकमा ८६ रुपये दराने रुपयांत आणून बाईंनी एकाच पानाचा तक्ता केला. त्यात शुल्कवाढ दर वर्षी ४ टक्के गृहीत धरली होती, आणि तिथेच दोन प्रकारच्या साहाय्यांतील फरक उघडा पडला. गुणवत्ता शिष्यवृत्तीची रक्कम चारही वर्षे तीच राहते, त्यामुळे शुल्क वाढले की वाढीचा सगळा भार पालकांवर येतो. शिवाय आमच्या पत्रात ३.५ जीपीए (सरासरी श्रेणीगुण) राखण्याची अट बारीक अक्षरांत होती. गरजेवर आधारलेल्या अनुदानाची आकडेमोड मात्र दर वर्षी नव्याने होते आणि कुटुंबाचे उत्पन्न फारसे न बदलल्यास ते साधारणपणे खर्चाबरोबर सरकते. सरकारी विद्यापीठाचा चार वर्षांचा हिशेब सुमारे १ कोटी ४१ लाखांवर गेला. कागदावर ५८,००० डॉलरचे ‘स्वस्त’ असलेले ठिकाण आमच्यासाठी महाग होते.

छोट्या महाविद्यालयाकडे अनुदानाच्या फेरविचाराची विनंती करावी, ही सूचनाही केंद्राचीच. आम्ही गिरगावात राहतो. आजोबांच्या चाळीतील खोलीच्या जागी पुनर्विकासात मिळालेले घर, एवढीच आमची मालमत्ता. परदेशी विद्यार्थ्यांना अमेरिकी सरकारी साहाय्याचा फाफ्सा अर्ज लागू नसतो, म्हणून बरीच खासगी महाविद्यालये कॉलेज बोर्ड या संस्थेचे सीएसएस प्रोफाइल, म्हणजे कुटुंबाच्या आर्थिक स्थितीचा अर्ज, भरून घेतात आणि त्यात राहत्या घराची किंमतही विचारलेली असते. गिरगावच्या घराची बाजारभावाने किंमत लिहिली की मध्यमवर्गीय नोकरदारही कागदावर धनाढ्य दिसू लागतो. मी लिहिलेल्या मसुद्यात कृतज्ञता, स्वप्न, संघर्ष असे बरेच काही होते. बाईंनी त्यातील अडीच परिच्छेद खोडले आणि तीन गोष्टी ठेवायला सांगितल्या: घर विकून शुल्क भरणे का शक्य नाही, पुनर्विकासानंतर सोसायटीचा मासिक खर्च किती वाढला, आणि आईच्या उपचारांचा वर्षाचा खर्च किती. सोबत प्राप्तिकर विवरणपत्रे, सोसायटीच्या पावत्या आणि रुग्णालयाची बिले जोडली. दुसऱ्या विद्यापीठाच्या ८८ हजारांचा उल्लेख करू का, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “ही घासाघीस नाही, साहेब. त्यांना न दिसलेली माहिती आपण त्यांना दाखवतो आहोत.” बारा दिवसांनी अनुदान ६२,००० वरून ६६,००० झाले. बाकी राहिले २४,०००. विमा आणि भाडे धरून वर्षाला २८,७०० डॉलर, म्हणजे सुमारे २४ लाख ७० हजार रुपये, आणि चार वर्षांचे साधारण १ कोटी ५ लाख.

आता तक्रार. तक्ता हाती आल्यानंतरच्या बैठकीत एक तरुण गृहस्थ आधीच येऊन बसलेले होते आणि त्यांची ओळख ‘आमचे कर्ज-सल्लागार’ अशी करून देण्यात आली. त्यांनी एका बिगर-बँक वित्तसंस्थेचे विनातारण कर्ज जवळजवळ ठरल्यासारखेच मांडले. त्यातील व्याजदर सरकारी बँकेपेक्षा चढा होता, शिक्षण चालू असतानाच व्याजाचे हप्ते सुरू होणार होते, आणि केंद्राला त्यातून काही मिळते का, या माझ्या प्रश्नावर उत्तर न येता चहा आला. शुल्क घेऊन सल्ला देणाऱ्याने हे आधी उघड करायला हवे होते. सरकारी बँकांत साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला सहसा तारण मागतात आणि कागदपत्रांचा फेरा मोठा असतो, हे मान्य. पण तो पर्याय तक्त्याच्या टोकालाही नव्हता. तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०ई खालील शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळत होती आणि बिगर-बँक संस्था केंद्र सरकारने अधिसूचित केलेली असेल तरच लागू होत होती, ही गोष्ट मला माझ्या सनदी लेखापालांकडून कळली.

भारतीय बाजूच्या पैशांबाबत केंद्र एकूणच कच्चे आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षात स्वतःच्या बचतीतून परदेशी शिक्षणासाठी पाठवलेल्या १० लाखांपलीकडील रकमेवर बँक ५ टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच गोळा केला जाणारा कर, घेत होती. मान्य वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवल्यास घेत नव्हती. सगळे पैसे माझ्या एकट्याच्या खात्यातून गेले असते, तर पहिल्याच वर्षी सुमारे ६७ हजार रुपये विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत अडकले असते. तक्त्यात याची ओळ नव्हती. नातेवाइकांनी सुचवलेल्या जे. एन. टाटा एंडाउमेंटबद्दल मात्र उत्तर चोख मिळाले: १८९२ पासूनची ती कर्जरूप शिष्यवृत्ती पदवीधरांना पुढील शिक्षणासाठी दिली जाते, बारावीनंतर जाणाऱ्यांसाठी ती नाही.

आणखी एक उणीव सांगितलीच पाहिजे. तक्त्यात मुंबईचा रकाना नव्हता. घरून लोकलने जाता येईल अशा अनुदानित महाविद्यालयात पदवी घ्यायची आणि ते पैसे पदव्युत्तर शिक्षणासाठी राखून ठेवायचे, हा पर्याय आम्ही विचारला तेव्हा ‘तो आमच्या सेवेत येत नाही’ असे उत्तर मिळाले. तो रकाना मी घरी पेन्सिलीने काढला. मुलीने त्याकडे बराच वेळ पाहिले आणि चार दिवसांनी छोट्या महाविद्यालयाला होकार कळवला. कर्ज आम्ही सासऱ्यांच्या डोंबिवलीच्या घराचे तारण देऊन सरकारी बँकेचे घेतले.

ज्यांच्या हाती दोनपेक्षा अधिक पत्रे आहेत आणि त्यांत निरनिराळ्या नावांची साहाय्ये आहेत, त्यांनी ही सुटी सेवा अवश्य घ्यावी. एकच पत्र असेल, तर मुंबईतील एज्युकेशनयूएसए या अमेरिकी सरकारच्या मार्गदर्शन सेवेच्या सल्लागारांकडे आधी जाऊन यावे. वेळ मार्चच्या मध्यालाच ठरवून ठेवावी, कारण एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला सहा दिवस थांबावे लागले. तक्ता पीडीएफऐवजी एक्सेलमध्ये मागून घ्यावा. आम्हाला तो पीडीएफमध्ये मिळाला, आणि डॉलरचा दर बदलला की प्रत्येक वेळी मला सगळे आकडे हाताने पुन्हा मांडावे लागतात.