घरपट्टी जास्त आलीय? दुरुस्ती अर्ज, हरकत की थेट कोर्ट

घरपट्टीचं बिल बघून डोळे पांढरे झाले की लोक एकतर गपचूप भरून टाकतात नाहीतर वकिलाचा नंबर शोधतात, पण मधे दोन रस्ते आहेत आणि बहुतेकांचं काम तिथेच होतं. मी इथे महाराष्ट्रातल्या महानगरपालिकांबद्दल लिहितोय. नगरपालिकेत कायदा वेगळा, तिथे फेरआकारणी चार वर्षांनी होते.

आधी एक बघा, तुमचं भांडण चुकीशी आहे की दराशी? मुंबई सोडून बऱ्याच ठिकाणी अजून करयोग्य मूल्य धरतात, म्हणजे घराला वर्षाला किती भाडं येऊ शकेल ते काढायचं, त्यातून दुरुस्तीचे 10 टक्के वजा करायचे आणि उरलेल्यावर कर. समजा 800 फुटांना वर्षाचं भाडं 60,000 धरलं तर करयोग्य मूल्य 54,000. पण तुमचं घर मुळात 640 फूटच असेल आणि कुणीतरी बिल्टअपचा, म्हणजे भिंती वगैरे धरून वाढलेला, आकडा टाकला असेल तर ते 43,200 व्हायला हवं, आणि हा फरक तुम्ही दरवर्षी भरताय! मुंबईत 2010 पासून भांडवली मूल्य आहे, म्हणजे भाड्याऐवजी घराच्या बाजारभावावर कर, आणि 500 फुटांपर्यंतच्या घरांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे, त्यामुळे तिथे तर दहा-वीस फुटांच्या चुकीनेही सगळं गणित फिरतं.

असली चूक असेल तर दुरुस्ती अर्ज. क्षेत्रफळ, वापर निवासी की बिगरनिवासी, स्वतः राहता की भाडेकरू, एवढंच असेल तर कोर्टाचं नावसुद्धा काढू नका. कर आकारणीचा उतारा काढा, इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) आणि मंजूर नकाशा जोडा, अर्ज आवक खिडकीवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. पुण्यात स्वतः राहणाऱ्यांना 40 टक्के सवलत आहे, 1970 पासूनची, मधे काढली होती, 2023 ला परत आली, पण ती मिळत नसेल तर पीटी-3 फॉर्म भरावा लागतो, आपोआप लागेल म्हणून बसून राहिलात तर राहिलातच. या रस्त्याचा तोटा म्हणजे वेळ, कारण अर्ज निकाली काढायची घाई तुम्हाला असते, त्यांना नसते.

हरकत वेगळी. करयोग्य मूल्य पहिल्यांदा लावलं किंवा वाढवलं की विशेष नोटीस येते, तिच्यावर मुदत छापलेली असते, त्या मुदतीत लेखी हरकत दिली की सुनावणी मिळते. माझ्या मते सगळ्यात जास्त जोर इथे लावावा. खर्च जवळजवळ नाही, वकील लागत नाही आणि मुख्य म्हणजे इथे हरकत घेतली नसेल तर पुढे करयोग्य मूल्याविरुद्ध अपिलाचं दार बंद होतं. हरकतीत "कर फार जास्त आहे" असं रडगाणं नको, शेजारच्या तशाच फ्लॅटला काय मूल्य लावलंय ते बिलासकट दाखवा. मात्र बाल्कनी बंद केली असेल, गच्चीवर शेड टाकली असेल तर दोनदा विचार करा, निरीक्षक मोजायला आला तर आकडा वरही जातो. (हे दुरुस्ती अर्जालाही लागू.)

तिसरा रस्ता कोर्टातलं अपील, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम 406 (मुंबईला कायदा वेगळा). मुदत फक्त 15 दिवस आणि वादातला कर आधी भरावा लागतो, मग सुनावणी. वर वकिलाची फी आणि तारखा. एका फ्लॅटसाठी हे सहसा परवडत नाही, पण सोसायटीतल्या सगळ्यांवर एकच चुकीचा दर लावला असेल किंवा दुकान, गोडाऊन असेल तर खर्च वाटला जातो, तेव्हा जरूर जा.

एजंट "अर्धा करून देतो" म्हणतो तेव्हा तो यातलाच पहिला नाहीतर दुसरा कागद भरणार असतो, तो तुम्हीही भरू शकता.

आणि कुठलाही रस्ता घ्या, बिल थकवू नका. निकाल लागेपर्यंत थांबू म्हणणाऱ्यांना महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, वर्षाला ती 24 टक्के होते, म्हणजे जेवढं वाचवायला निघालात तेवढं तिकडेच जातं. "हरकत राखून भरत आहे" असं पत्र द्या, त्याचीही पोहोच घ्या आणि निकाल तुमच्या बाजूने लागला की जादा रक्कम पुढच्या बिलात वळती करायला लेखी मागा.