दादाचा दवाखाना, ५ पैकी ४ स्टार

आधी पेशंट कोण ते सांगते. माझा मोठा भाऊ, वय ३९, डाउन सिंड्रोम, म्हणजे जन्मापासूनच एक गुणसूत्र जास्त. बोलतो कमी पण समजतं सगळं, आणि समोरचा आपल्याशी बोलतोय की आपल्याबद्दल, हे तर त्याला लगेच कळतं. नाशिकरोडला घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर एका जनरल फिजिशियन मॅडमचा हा छोटासा दवाखाना आहे, तीन वर्षं झाली आम्ही तिथेच जातो.

त्याआधी काय झालेलं की दादा एकदम गप्प गप्प राहायला लागला, दुपारभर झोपायचा, वजन वाढलं, पोट साफ होईना आणि वर्कशॉपला जायचं म्हटलं की चादर डोक्यावर. एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं (नाव नको), तिथल्या डॉक्टरांनी दादाकडे नीट बघितलंही नाही, आईलाच म्हणाले या मुलांचं असंच असतं, वय वाढलं की होतं. ३६ वर्षांच्या माणसाला मुलं!! आणि औषध काय तर व्हिटॅमिनच्या गोळ्या.

या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, थायरॉइड शेवटचं कधी तपासलं? कधीच नाही. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड कमी असणं एवढं कॉमन आहे की दरवर्षी रक्त तपासायचं असतं म्हणे, आणि आम्हाला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. रक्तात टीएसएच भरपूर वाढलेला निघाला, म्हणजेच थायरॉइड कमी, गोळी सुरू झाली आणि दोन-अडीच महिन्यांत दादा परत सकाळी पिशवी घेऊन दूध आणायला निघाला. आई देवापुढे पेढे ठेवून रडली. या लोकांना अल्झायमर लवकर होऊ शकतो हे खरंय, पण तो शिक्का मारायच्या आधी थायरॉइड, कान, डोळे बघून घ्यायचे असतात हेही मॅडमकडूनच कळलं. मागच्या पावसाळ्यात तो कानावर थापडा मारून घ्यायचा, सगळे म्हणे चिडचिड वाढली, निघाला कानात दगडासारखा झालेला मळ. कानाची भोकं अरुंद असतात ना त्यांची.

पहिल्या दिवशी तपासलंच नाही. स्टेथोस्कोप दादाच्या हातात दिला, त्याने मॅडमना तपासलं, मान हलवली, घरी आलो, फी पण घेतली नाही. बीपीचा पट्टा आधी आईच्या दंडाला, मग त्याच्या. मी मध्ये बोलायला गेले की म्हणतात ताई थांबा, त्यांना सांगू दे, आणि खरंच थांबतात हो, मिनिटभर सुद्धा. आम्हाला शेवटचा नंबर देतात म्हणजे गर्दी नसते. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगांना उपचारात प्राधान्य आहे, पण दुसरीकडे ते बोलून दाखवलं तर वेटिंगमधले लोक खाऊ की गिळू बघतात, त्यापेक्षा हे बरं.

एक स्टार का कापला? दाराशी तीन पायऱ्या, कठडा नाही, दादा आणि आई दोघांचाही एकेक हात मला धरावा लागतो. आणि पावत्या! साध्या चिटोऱ्यावर रक्कम लिहून देतात, कधी तारीख नाही कधी शिक्का नाही. आमची निरामय पॉलिसी आहे, म्हणजे केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा दिव्यांगांसाठीचा आरोग्य विमा, वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर, ओपीडी आणि दातांचा खर्चही धरतात आणि घ्यायच्या आधी मेडिकल टेस्ट मागत नाहीत. पण पैसे आपण भरायचे आणि मग बिलं पाठवून मागायचे, तिथे चिटोरं काय कामाचं? दोनदा परत जाऊन शिक्का मारून आणलाय मी. कंपाउंडर काका प्रत्येक वेळी हसतात, पावतीपुस्तक काही छापत नाहीत.

जाणार असाल तर सोमवारी नका जाऊ, जाम गर्दी असते. आदल्या दिवशी फोन करून पेशंटला काय आवडतं ते सांगून ठेवा. आमच्याकडून कळलं तेव्हापासून मॅडमच्या ड्रॉवरमध्ये लिमलेटच्या गोळ्या असतात.